वरची हद्द

मी, केशव विनायक पैठणकर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त भूकरमापक, राहणार समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण नको तितके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी रागात मात्र आहे. रागावलेल्या माणसाचे मृत्युपत्र कायद्याला चालते का, हे मी ॲडव्होकेट प्रेरणाताईंना विचारून घेतले. त्या म्हणाल्या, चालते, फक्त अक्षर नीट काढा.

खरं तर मृत्युपत्र त्याच टाइप करून देणार होत्या. जमिनीच्या चतुःसीमा सांगताना पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर झाल्यावर मी म्हणालो, आता वरची बाजू लिहा. त्यांचे हात थांबले. हद्दी चारच असतात काका, म्हणाल्या. छत्तीस वर्षं मोजणी करताना मीही लोकांना हेच सांगत आलो, तेव्हा त्यांचं काही चूक नाही. पण मला पाचवी लिहायची आहे. म्हणून कागद माझा, शाई माझी.

कलम १. समर्थनगरातील राहते घर, बँकेतील ठेवी व घरातील सर्व चीजवस्तू माझी पत्नी सौ. भानुमती हिला मिळाव्यात; तिच्या पश्चात मुलगा मंदार याला. तिने माझ्यापायी फार सोसलं. ती चारचौघांत सांगते, "लोकांचे नवरे अमावस्येला घराबाहेर पडत नाहीत, माझा अमावस्या बघूनच पडतो." ते खरं आहे. चंद्र नसलेल्या रात्रीच आभाळाचे चांगले फोटो निघतात, त्याला माझा इलाज नाही. घराच्या गच्चीवर समोरच्या बंगल्याच्या हॅलोजनचा झोत रात्रभर पडतो. बंगलेवाल्यांना मी नऊ पत्रे लिहिली. त्यांनी एका पत्राचे उत्तर दिले, दिवाळीच्या शुभेच्छा म्हणून. नऊही पत्रांच्या प्रती कपाटात आहेत, दहावे भानुमतीने लिहावे. तिचं अक्षर आणि जीभ दोन्ही माझ्यापेक्षा चांगली आहेत.

कलम २. माझा कॅमेरा, तीन भिंगं, आणि ताऱ्यांच्या गतीनं कॅमेरा फिरवणारी मोटर माझा मित्र शंतनू याला द्यावी. तीस वर्षं त्यानं गाडी चालवली, मी रस्ता सांगितला. १९९७ साली मोठा धूमकेतू आला होता, रिळाचा जमाना. दौलताबादजवळच्या माळावर मी दहा मिनिटांचा फोटो लावून श्वास धरून उभा होतो, आणि आठव्या मिनिटाला यानं पोह्यांचा डबा काढायला गाडीचं दार उघडलं. आतला दिवा भस्सकन लागला. तो धूमकेतू पुन्हा यायला दोन हजारांहून जास्त वर्षं आहेत. तोपर्यंत त्याला माफ करायचा माझा विचार नाही. कॅमेरा मात्र त्याचाच.

कलम ३. जे माझं होतं आणि आता कोणाला देता येत नाही, त्याचीही नोंद व्हावी. चितेगावजवळ वडिलांचं शेत होतं. उन्हाळ्यात तिथं बाजा टाकून झोपायचो, वडील सप्तर्षी दाखवायचे. पैठण रोडला कारखाने आले, रात्रीचं आभाळ हळदीच्या दुधासारखं पिवळट झालं, शेत मी विकलं. मग दौलताबाद. किल्ल्याच्या अलीकडच्या त्या माळावर आम्ही सोळा वर्षं काढली. आता तिथल्या हॉटेलांवर लग्नाच्या माळा बारा महिने लोंबतात. कोणाचं लग्न, देव जाणे.

आणि हे कोणी केलं म्हणून मी दात ओठ खातो, तर त्यात मी आहे. बिनशेतीच्या मोजण्या मी केल्या. हद्दीचे दगड मी रोवले. ज्या माळावर माझी मोजणीची साखळी पडली, तिथं चार वर्षांत विजेचा खांब उभा राहिला. दिवसा मी जमीन मोजून द्यायचो आणि रात्री त्याच जमिनीवर अंधार शोधत फिरायचो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय?

कलम ४. देवगाव रंगारी शिवारातील गट क्र. ४१७ पैकी एक एकर माळरान, मी २०११ साली खरेदी केलेले. त्याच्या चतुःसीमा:

पूर्वेस: बन्सी व त्याची पत्नी आशाबाई यांचे शेत व घर.
पश्चिमेस: आप्पासाहेबांचे रिसॉर्ट.
दक्षिणेस: ओढा.
उत्तरेस: पाणंद.
वर: आकाश. अतिक्रमण झालेले. मोजणी बाकी.

वीतभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हातारे झालेले मी पाहिले आहेत. पन्नास किलोमीटरवरून शहराचा उजेड येतो, आग्नेयेकडचं आभाळ खातो, नेमकं जिथून आकाशगंगा वर चढते तिथलंच, आणि त्याचा पंचनामा करायला कोणी येत नाही. तरी २०११ साली तिथं इतका अंधार होता की स्वतःचा हात दिसायचा नाही. मी तिथं पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा रडलो होतो. शंतनूनं पाहिलं, पण त्यानं आजवर कोणाला सांगितलं नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो.

तो अंधार मीच घालवला. २०२१ साली त्या माळावरचा आकाशगंगेचा माझा फोटो एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत छापून आला. खाली ठिकाण लिहून द्या, म्हणाले. दुसऱ्या कोणी 'मराठवाड्यातील एक माळ' असं लिहिलं असतं. मी गट क्रमांक लिहिला. फाट्यापासूनचं अंतर लिहिलं, पाणंद कोणत्या बाजूनं वळते तेही लिहिलं. मोजणीवाल्याची खोड! ठिकाण चुकलेलं मला खपत नाही. पुढच्या अमावस्येला तिथं अकरा गाड्या उभ्या होत्या, दोन वर्षांत रिसॉर्ट.

कलम ५. आप्पासाहेबांस काहीही देऊ नये. त्यांच्या रिसॉर्टचं नाव 'तारकांगण' आहे, आणि फाटकाशी उंच खांबावर सहा दिवे रात्रभर माझ्या एकरावर जळतात. कमानीवर माझाच तो फोटो मोठा करून लावला आहे, न विचारता, आणि तो दिसावा म्हणून त्याच्यावर आणखी दोन दिवे सोडले आहेत. आकाशगंगेच्या फोटोवर दिवे! मी हात जोडून सांगायला गेलो. काढू नका म्हटलं, नुसत्या टोप्या बसवा, उजेड खाली पाडा. त्यांनी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, लोकं तारे बघायलाच येतात हो, पण अंधाराला घाबरतात. तुम्ही शनिवारी येत चला, गेस्टना चार तारे दाखवा, गाडी पाठवतो." माझ्या मृत्यूनंतर त्यांनी श्रद्धांजलीचा फलक लावू नये. लावलाच, तर त्यावर दिवा सोडू नये. कमानीवरचा फोटो उतरवण्याची नोटीस मंदारने द्यावी.

कलम ६. मंदारविषयी. रिसॉर्टला पार्किंगसाठी माझा एकर हवा होता, आणि मंदारचं म्हणणं देऊन टाकावा. जेवताना वाद झाला. तो म्हणाला, "बाबा, आकाश काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे का?" मी ताट सोडून उठलो. नंतर रात्रभर विचार केला, की पोरगं बरोबर विचारतंय. नाही सातबाऱ्यावर. कोणाच्याच नाही, म्हणून तर ज्याला हवं तो त्याच्यावर थुंकतो. ती पाचवी हद्द मी मंदारच्या त्या प्रश्नामुळे लिहिली आहे. माझी मोजणीची साखळी त्याला मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी, कारण तो माझ्यावर कितीही चिडला तरी कामाला चोख आहे.

कलम ७. कलम ४ मधील एक एकर जमीन आशाबाईंना, त्यांच्या एकटीच्या नावे, मिळावी. भानुमतीला विचारलं. ती म्हणाली, द्या, मला काय अंधार पुरून ठेवायचाय?

का, ते सांगतो. पहिल्या अमावस्येला मी आशाबाईंच्या गोठ्याबाहेरचा बल्ब घटकाभर बंद करायची विनंती केली होती. पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. चौदा वर्षं आमची गाडी पाणंदीत वळली की तो बल्ब बंद व्हायचा. पहाटे आम्ही गाडी सुरू केली की लागायचा. एकदाच त्या बांधावर येऊन म्हणाल्या होत्या, काका, तुमचं उरकलं असलं तर लाईट लावू का, म्हस व्यायला आलीय. त्या रात्रीही आधी विचारायला आल्या.

२०१९ साली त्यांचा हात मनगटात मोडला. विहिरीवर पडले, म्हणाल्या. मी फळं घेऊन गेलो, जपून चालत जा म्हणून उपदेशही केला. गेल्या महिन्यात बन्सीच्या तोंडून निघून गेलं. विहिरीवर कुठं, काका, आपल्या ओट्याच्या पायरीवर पडली, लाईट बंद होती नव्हं. म्हणजे माझा फोटो चालू होता. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे, येणारे-जाणारे वाहवा करतात. मी जगाच्या नावानं शंख करत होतो आणि माझ्या अंधाराची किंमत दुसऱ्याच्या मनगटानं चुकवली होती. तो फोटो उतरवून आशाबाईंना विचारावे. हवा असेल तर त्यांना द्यावा, नको असेल तर भिंत मोकळी ठेवावी.

~~सदर मिळकतीत आचंद्रसूर्य कोणताही दिवा लावू नये. लावल्यास हे दान रद्द समजावे.~~

वरील ओळ मी खोडली आहे. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. जुन्या सनदांसारखं 'आचंद्रसूर्य' लिहून मी मोठ्या ऐटीत इथवरचा कागद आशाबाईंना वाचून दाखवला. त्यांनी पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "काका, अट कशाला घालता? अट घातली की माणसाला मोडावी वाटती. मी काय अटीपायी बंद करीत व्हते व्हय लाईट?" तेव्हा जमीन विनाअट. त्यांनी तिथं हवे तेवढे दिवे लावावेत, पायरीवर तर लावावाच.

कलम ८. मी गेल्यावर घरात दहा दिवस दिवा ठेवतात, तो ठेवावा. कणकेच्या दिव्याशी माझं कधीच भांडण नव्हतं. गच्चीवरची ट्यूब मात्र बंद करावी.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टर रूपाताईंनी मला रात्रीचा प्रवास बंद केला आहे, त्यामुळे या अमावस्येला मी देवगावला गेलो नाही. आज संध्याकाळी साक्षीदारांसमोर सही करण्यापूर्वी मी आशाबाईंना फोन केला. सांगितलं, मी येत नाही, आता यायचाही नाही, तुम्ही खुशाल लाईट लावा. पलीकडं जरा वेळ म्हशीचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "आज आवस हाय की, काका. मी बंद करूनच बसलेय."

हे मृत्युपत्र मी वाचले, ते बरोबर आहे.

ठिकाण: समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५, गुरुवार, कार्तिक अमावस्या

(सही) केशव विनायक पैठणकर

आमच्यासमक्ष लिहिणाऱ्याने सही केली व त्याच्यासमक्ष आम्ही केली:

१. (सही) डॉ. रूपा गोसावी, समर्थनगर. लिहिणारा पूर्ण शुद्धीवर आहे. रक्तदाब वाढलेला आहे.

२. (सही) माऊली एकनाथ सोनवणे, चहाचे हॉटेल, देवगाव फाटा. हॉटेलच्या पाटीवरच्या दिव्याला टोपी बसवली आहे, काकांनी येऊन बघावी.