बहात्तर खणांचं कपाट

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा तुझ्याकडे हवापालटाला आले त्याला आज आठ दिवस झाले. घर फार शांत आहे. त्या शांततेचा फायदा घेऊन मी त्यांची मागची खोली आवरली. चाळीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाची ती खोली तुला ठाऊकच आहे. पावडरच्या डब्यात दीड इंची स्क्रू, बुटपॉलिशच्या डबीत वायसर, बिस्किटांच्या चेपलेल्या डब्यात नट, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत बारीक खिळे, आणि एकावरही चिठ्ठी नाही. मी बहात्तर खणांचं प्लास्टिकचं कपाट आणलं, एकेक स्क्रू व्हर्नियरने मोजला आणि खणाखणावर छापील चिठ्ठी लावली. सहा दिवस गेले. रिकाम्या डब्यांची दोन पोती भरली, ती भंगारवाल्याला दिली.

त्यांना विचारायला हवं होतं का, हा प्रश्न मनात आला नाही असं नाही. पण गेले काही महिने त्यांच्या कामात ढिलाई येतेय. शेजारच्या शिंप्याच्या दाराची बिजागरी त्यांनी चक्क तिरकी बसवली. तेव्हा मी त्यांना म्हणालो की बाबा, जरा बघून तरी करत जा. आता वाटतं, त्यांचा दोष नव्हता, पसाऱ्याचा होता.

कपाट पाहून त्यांचा चेहरा कसा होतो ते कळवीन. तोवर थट्टा थोडी कमी कर, माया होती तेवढी असू दे.

तुझा,
धाकटा

दि. ९ जून

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

लहानपणी तू माझ्या वाटणीची गादी फूटपट्टीने मोजायचास, तेव्हापासून तुझं हे नाव. आज ते थट्टेने लिहिलेलं नाही.

हवापालट खोटा होता. मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते. उजव्या डोळ्याने त्यांना वर्षभर काही दिसत नाही, डाव्याने सगळं धुक्यातलं दिसतं. नस वाळत चाललीय, गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तुला सांगायचं नाही अशी बाबांनी मला शपथ घातली. त्याला कळलं की तो काळजीपोटी माझ्या हातातली हत्यारं काढून घेईल, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं आणि गप्प बसले.

अरे, त्या डब्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या, कारण त्यांना त्या लागत नव्हत्या. चपटी गोल डबी हाताला लागली की वायसर, कोपऱ्याला पोचा आला की नट. डोळे गेल्यावरही आपलं अडणार नाही, असं परवाच मला हसत सांगत होते. मागच्या खोलीतलं काम जमतंय तोवर मी माझ्या घरात राहणार, जमेनासं झालं की मुकाट्याने तुझ्याकडे येईन, असंही म्हणाले. आणि तू छापील चिठ्ठ्या लावून बसलास.

रविवारी आमचे हे त्यांना घेऊन येतील. त्याआधी भंगारवाल्याला गाठ, मिळतील तेवढे डबे आण. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. रागावले आहे, तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त. लोभ आहे म्हणून तर अक्षर असं वाकडं येतंय.

तुझी,
ताई

दि. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी भंगारवाल्याकडे गेलो. डबे दाबून पत्र्याचा गठ्ठा झाला होता. त्याच्या एका कडेला पावडरच्या डब्यावरचं गुलाबाचं फूल ओळखू आलं. तो म्हणाला की साहेब, आता यातून काय काढणार. बुटपॉलिशची डबी तेवढी वाचली, कारण टाचण्या ठेवायला मी ती माझ्या टेबलावर आणली होती.

मग प्रत्येक खणाच्या तोंडावर आतला एकेक नमुना चिकटवला, बोटांना कळावा म्हणून. बाबा आले, हातपाय धुऊन थेट मागे गेले. मी त्यांच्या मागोमाग. त्यांचा हात फळीवर गेला, जिथे पावडरचा डबा असायचा तिथे. तो तिथेच राहिला, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी घाईघाईने कपाट दाखवलं आणि कौतुक करून घेण्याच्या बहाण्याने चिठ्ठ्या मोठ्याने वाचू लागलो. ते म्हणाले की बरीच मेहनत घेतलीस. त्यांना दिसत नाही हे ते बोलले नाहीत, मला ठाऊक आहे हे मी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी शिंपी मशीनचं पायडल घेऊन आला. बाबांनी त्याला हल्ली वेळ होत नाही असं सांगून परत पाठवलं. त्या दिवसापासून खोलीला कडी आहे. काल त्यांनी मला विचारलं की ताईकडे जायला सकाळची गाडी बरी की दुपारची.

रोज डायरी लिहितो, पण काल ‘माझा हेतू चांगला होता’ इतकंच लिहिलं आणि खोडलं. बघून करत जा, हे मी त्यांना म्हणालो होतो, ताई. ते कसं खोडू? शनिवारी त्यांना पोचवतो. माझ्यावरचा लोभ तू ठरव.

तुझा,
धाकटा

दि. १४ जुलै

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

बाबांचा डावा डोळाही मिटल्यासारखाच आहे. आता माणूस पावलांवरून ओळखतात. बुटपॉलिशची डबी खिशात असते. ओसरीवर बसून वायसर मांडीवर ओततात, मोठ्यापासून लहानापर्यंत लावतात, पुन्हा भरतात. काम दे म्हणत नाहीत.

पुढचं तुला सांगू नको असं त्यांनी बजावलंय. मागच्या वेळी त्यांचं ऐकलं त्याचं काय झालं ते आपण पाहिलं, म्हणून सांगते. तुला कळलंय हे त्यांना पहिल्याच दिवशी समजलं. तू कधी मोठ्याने वाचत नाहीस, असं म्हणाले. तुझे नमुनेही त्यांच्या बोटांना लागले. तू झोपलास की उठून त्यांनी दीड इंची स्क्रूचा खण दोनदा शोधून पाहिला, दोन्ही वेळा बरोबर सापडला. मग तरी खोलीला कडी का लावलीत, असं मी विचारलं. तर म्हणाले की दिवसा तो माझ्या पाठीमागे श्वास रोखून उभा असायचा. कुणी श्वास रोखून उभं असलं की हात चालत नाही.

कपाट घेऊन ये. ते ठेवतील की नाही, सांगता येत नाही. फक्त हळू येऊ नकोस. अंगणापासून पाय वाजवत ये, आणि मग त्यांच्या मागे नको, शेजारी बस. पत्रात मावेल तेवढी माया पाठवतेय, बाकीची आल्यावर घे.

तुझी,
ताई