रंग चढेपर्यंत

३ फेब्रुवारी

प्रिय आत्यास,
भाचीचा सप्रेम सलाम, वि. वि.

पार्लर बरं चाललंय, उभं राहून पाय दुखतात, बाकी ठीक. आता खरं सांगते. यंदाही माझं बायबल वाचन बारगळलं. उत्साहाने उत्पत्तीपासून सुरुवात केली, पुढच्या निर्गम पुस्तकात देवाच्या निवासमंडपाच्या फळ्या नि मेखा मोजत बसले आणि तिथेच गाडी रुतली. पहाटे डोळा उघडत नाही, रात्री पुस्तक नाकावर पडतं. दरवर्षी हेच. माझीच मला लाज वाटते गं. तू दिलेलं बायबल परत पाठवू का? कोणी वाचेल तरी.

लोभ रागावूनही राहू दे.
तुझी कात्रीवाली

१२ फेब्रुवारी

चि. कात्रीवालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. बायबल पाठवलंस तर पोस्टमनच्या हातीच माघारी धाडीन!

अगं, फळ्या मोजायला तुला सांगितलं कोणी? रूथच्या पुस्तकापासून धर. छोटं आहे, आणि त्यात सासू-सून भांडत नाहीत. वेळ शोधत बसू नकोस, तो मिळत नसतो. तुझे आतोबा गेल्यावर माझंही वाचनात मन लागेना. मग गिऱ्हाइकांच्या शिवलेल्या कपड्यांसाठी इस्त्री लावली, की ती तापेपर्यंत वाचायला लागले. आता इस्त्री लावली की हात आपोआप पुस्तकाकडे जातो. तुझ्याही कामात हात रिकामे राहत असतील. ती वेळ हेर.

नाही जमलं तरी पत्र लिही, माया काही आटत नाही.
तुझी आत्या

२० एप्रिल

प्रिय आत्यास, सलाम, वि. वि.

वेळ सापडली! केसांना रंग लावला की तो चढेपर्यंत गिऱ्हाईक टोपी घालून बसतं आणि मी रिकामी. तेव्हाच वाचते. रूथ संपवून एस्तेर काढलं. बँकेच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, मनात काय वाचतेस, मोठ्याने वाच. मी वाचत सुटले. राजाच्या दुष्ट प्रधानाने, हामानाने फाशीचा खांब उभारला आणि मला रंगाचं भानच राहिलं नाही. बाईंना हवे होते तपकिरी, केस झाले कोळशासारखे काळे! बाईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, केसांचं नंतर बघू, आधी त्या हामानाचं काय झालं ते सांग. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या नुसत्या ऐकायला आल्या.

काल मात्र पार्लर अगदी ओस होतं. मी स्टुलावर बसून मार्कचं शुभवर्तमान उघडलं. येशूने वादळ शांत केलं तिथपर्यंत वाचलं, प्रार्थना केली आणि सवयीने रंग धुवायला उठले, तर खुर्चीत कोणीच नाही. रंग मी कालवलाच नव्हता! एकटीच खो खो हसले आणि डोळे भरून आले. कोणाच्याही डोक्याशिवाय माझं वाचन झालं, आत्या.

बायबल आता परत येणार नाही. रूथच्या पानावर माझा रंगाचा अंगठा उमटलाय.

लोभ घेऊन एकदा इकडेच ये. केसांना कुठला रंग चढेल ते सांगत नाही, वाचन मात्र नक्की.
तुझीच कात्रीवाली