सासरेबुवांच्या पट्ट्या

४ जुलै
आजही एक डिझेल गाडी. धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने बुजलेला. सासरेबुवांचं एकच औषध — "जावईबापू, पट्टी मारा. कायमची कटकट गेली." म्हणजे पत्र्याची पट्टी लावून वाट बंद करायची. गाडी पळते, पण धुरातलं विष वाढतं. नाही जमत मला!
ते जेवायला गेल्यावर व्हॉल्व्ह घासून लख्ख केला, पुन्हा बसवला. पट्टी कोपऱ्यातल्या जुन्या गमबुटात. ही सातवी.

६ जुलै
गिऱ्हाईक मुद्दाम सांगायला आलं — "मामांच्या पट्टीची कमाल!" सासरेबुवांनी मिशीला पीळ दिला. मी फडक्याने हात पुसत बसलो. कोरडेच हात.

९ जुलै
बायकोला सांगणार होतो. तिनंच आधी सुनावलं — "बाबांच्या शब्दाबाहेर जाऊ नका हं. त्यांच्या घरात राहतो आपण." घरजावयाला तोंड फक्त जेवायला.

१५ जुलै
नवी पाटी लागली — 'ईजीआर कायमचा बंद करून मिळेल'. गाड्यांची रांग. मी जितका खोटा, तितकं त्यांचं नाव मोठं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१९ जुलै
पाटी वाचून सरकारी तपासनीस हजर. "उद्या एक गाडी माझ्यासमोर उघडा. पट्टी निघाली तर गॅरेजला कुलूप."
पट्टी निघणार नाही. गॅरेज वाचेल, मी बुडेन. चारचौघांत सासऱ्याला फसवणारा जावई! बायकोला घेऊन जायचं कुठे? जेवण गेलं नाही.

२० जुलै
मी पाना लावला, तोच सासरेबुवा बोलले — "साहेब, बघा खुशाल. पट्टी नाही सापडायची. आमचे जावई साफ करतात."
पाना हातातून पडला.
"मग ही पाटी?" तपासनिसाने विचारलं.
"साफ केलं म्हटलं की गिऱ्हाइकाला पटत नाही, साहेब."
तपासनिसाने आत पाहिलं, पाटी उतरवायला लावली आणि गेला. सासरेबुवा दिवसभर माझ्याकडे बघेनात.

२१ जुलै
न राहवून विचारलं — "मामा, कधी कळलं?"
"गमबूट माझे आहेत, जावईबापू. पहिल्याच पट्टीला अंगठा ठेचला." त्यांनी मिशी चाचपली. "इतकी वर्षं पट्टीच बरी म्हणत आलो. जीभ मागे कशी घेणार? म्हणून रोज वेळेआधी जेवायला जात होतो."