वर फक्त बर्फ होता

प्रिय ओदिलाँदादा,

आज तुझ्याशी खोटं बोलले. मठाच्या शाळेतल्या सिस्टरांना कळलं असतं तर या वयातही त्यांनी मला गुडघ्यांवर बसवलं असतं.

डोंगरवाटेवर मांडीभर ताजा बर्फ होता. पायांत तू विणलेले, बर्फात रुतू न देणारे लांबट जाळीचे जोडे, आणि मी तुडवलेल्या वाटेवरून मागे दोन्ही कुत्र्या. माथ्याजवळ त्या दोघींतल्या मितेनने नेहमीसारखा माझ्या जोड्याच्या मागच्या निमुळत्या शेपटीवर पाय दिला आणि मी तोंडावर आपटले. तू असतास तर म्हणाला असतास, "ऊठ गं भोपळ्या, डोंगर खचेल!"

हसत मान वर केली, तर समोर कॅरिबू हरणं उभी होती. ज्यांच्यासाठी तू अकरा हिवाळे वर चढलास आणि न बघताच परतलास, तीच. त्यांच्या पाठीवरचा बर्फ वितळलेला नव्हता. श्वासांची वाफ शिंगांत अडकत होती. कुत्र्यासुद्धा भुंकल्या नाहीत. माझ्या दोन्ही बाजूंना पोट टेकून थरथरत बघत राहिल्या. लहानपणी चर्चमध्ये घंटा वाजली की आपण गप्प होत असू, अगदी तशा.

घरी तू विचारलंस, "काय दिसलं वर?"

"बर्फ. दुसरं काय दिसणार?"

तू कुत्र्यांकडे पाहिलंस. "मग या दोघी एवढ्या गप्प का? किती होती?"

"काय किती? सूप पी आधी, गार होतंय."

खरं सांगितलं असतं तर उद्याच तू जोडे मागितले असतेस, आणि डॉक्टर म्हणतात, तुझ्या हृदयाला आता जिनाही जड आहे. म्हणून हे पत्र माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकातच राहील.

तीन होती, दादा. त्यांत एक पिल्लू.

तुझी,
फिलोमेन