कापलं ते दावं

बरकतपुरा, हैदराबाद
गुरुवार

प्रिय रंजना,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. मलकपेठला तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते, पण तुमच्या त्या नव्या इमारतीत वॉचमन आधी वर फोन लावून विचारतो, आणि ‘मॅडम नाही म्हणाल्या’ हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं नाही. म्हणून पत्र. आबिड्सच्या टपाल कचेरीत जन्म गेला माझा लोकांच्या पत्रांवर शिक्के मारण्यात, स्वतः मात्र कुणाला चार ओळी लिहिल्या नाहीत. हे रजिस्टर करून टाकणार आहे. पोचपावतीवर तुझी सही आली म्हणजे तुझ्या हातात पडलं एवढं तरी कळेल.

डोकं तापलेलं आहे, तेव्हा गोड बोलणं जमणार नाही. तुमच्या फार्म प्लॉटांच्या गेटला अजून कुलूप आहे. माझ्या शेताला दुसरी वाट नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? जुनी गाडीवाट तुमच्या लेआउटच्या पोटात गेली, तेव्हा कमिटीने तोंडभरून सांगितलं होतं, गीतामॅडम, आपका रास्ता कौन रोकता. आता रोखलाय. टेम्पो गेटबाहेर उभा राहतो आणि मी या वयात अंबाडीच्या जुड्या डोक्यावर घेऊन तळ्याला वळसा घालून चिखलातून आणते. अर्धी अंबाडी शेतातच जून झाली. येत्या रविवारी तुमची बैठक आहे, आणि तिथे ही वाट मला कायमची बंद करायची की नाही ते ठरणार आहे. कारण काय, तर मी गाय कापणारी बाई आहे!

तुला माहीत असलेल्याही गोष्टी मी पुन्हा लिहिणार आहे, कारण गेले काही दिवस तू त्या विसरल्यासारखी वागते आहेस. जमीन बघायला आपण दोघी बरोबर गेलो होतो. तुला झोपाळा, हिरवळ आणि सुट्टीच्या दिवशी भाजलेली कणसं हवी होती, म्हणून अविनाशभावोजींनी गेटच्या आतला प्लॉट घेतला. मला शेत हवं होतं, म्हणून मी गेटच्या पलीकडचा तुकडा घेतला. आमच्या घराण्यात जमिनीच्या कागदावर नाव लागलेली मी पहिली. माझ्या आईने नांदेडकडे जन्मभर दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कापलं. पट्टादार पासबुक हातात आलं त्या दिवशी मी ते तुला दाखवायला आले आणि तू माझ्या तोंडात साखर घातलीस. ही वाट माझ्यासाठी काय आहे, ते तुला वेगळं सांगायला नको.

आता तुमच्या गोसेवेबद्दल. शहराकडचे डेअरीवाले गोऱ्हा जन्मला की त्याला चार दिवस पोसतात, आणि मग गाडीत घालून आमच्या बाजूला आणून सोडतात. दूध देत नाही ना तो, मग कशाला हवा! बिचारी पोरं, आईचं दूध तुटलेली, दिसेल त्यात तोंड घालणारी. त्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग आहे तो रविवारी सकाळी मोटारीतून उतरणाऱ्यांवर. पोळ्या, गूळ, कोबीचा पाला, कपाळाला कुंकू, मग फोटो. दुपारी जेवणं झाली की मोटारी शहरात परत, आणि गेटापाशी जमवलेली सगळी जनावरं संध्याकाळी माझ्या अंबाडीत. तुमच्या बागेला विटांची भिंत आहे, माझ्या शेताला तार. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच, फक्त इथे हलवाई मी आहे. मी हर्षदना, तुमच्या अध्यक्षांना, हात जोडून म्हटलं होतं की एवढी माया आहे तर एक गोठा बांधा, दोन माणसं ठेवा, शेण मी उचलून नेईन. हसले. म्हणाले, ‘मॅडम, गाय को बांधना पाप है.’ पाप म्हणे! गावच्या सरपंचांकडे गेले, कोंडवाडा उघडा म्हटलं, ज्याला इथे बंदेलदोड्डी म्हणतात. त्यात पंचायतीचा मोडका पाण्याचा टँकर उभा आहे आणि तो आता चाकांवर हलत नाही. म्हणजे बांधायचं पाप, कोंडायला जागा नाही, खायला माझं शेत. मी तक्रार करून करून थकले आणि शेवटी दिवसभर काठी घेऊन बांधावर बसायला लागले. नागसेन म्हणतो, ‘मम्मी, कायकू टेन्शन? सेल करून टाक ना.’ माझ्या पोटचं पोर, पण त्याला जमीन म्हणजे मोबाईलच्या पडद्यावरचा एक चौकोन.

त्या रविवारी तुमच्या कमिटीने गोपूजा ठेवली होती. गोऱ्ह्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा आणि घंटा बांधल्या. कशाने बांधल्या? नायलॉनच्या दोरीने! सरकगाठ मारून! ज्याने जन्मात एक जनावर पोसलं नाही त्यालाच अशी गाठ सुचते. माझ्या आईला दावं बांधताना कुणी बघितलं असतं तर समजलं असतं, जनावर ओढलं तरी गळा आवळत नाही अशी गाठ वेगळी असते. दुपारी त्यातला एक पांढरा गोऱ्हा नेहमीप्रमाणे माझ्या तारेतून घुसायला गेला. घंटा तारेच्या खांबात अडकली आणि त्याने झटका मारला तशी गाठ आवळत गेली. मी धावले तेव्हा तो खाली पडला होता, जीभ बाहेर, डोळे पांढरे. माझ्याकडे मजुरीला येणारी सत्यवती अंबाडी कापत होती, विळा तिच्या हातात होता. मी गोऱ्ह्याच्या मानेवर गुडघा टेकून त्याला दाबून धरलं, नाहीतर विळा त्याच्याच गळ्यात बसला असता. आणि घाबरून ओरडले, ‘कोसेय् सत्यवती, कोसेय्!’

रंजना, तूच मला नेहमी म्हणायचीस, की तू तेलुगू शब्द घेतेस आणि मराठीतच बोलतेस. खरं आहे. माझं तेलुगू भाजीवालीकडून आणि टपालाच्या खिडकीतून शिकलेलं. तू पुण्याहून आलीस तेव्हा तुला इथल्या दख्खनीतलं ‘नक्को’ आणि ‘हौ’ मी शिकवलं. मागच्या वर्षीच्या गोष्टीलाही इथले लोक ‘परसों’ म्हणतात हे कळेपर्यंत तू त्या प्लंबरची दोन दिवस वाट बघत बसली होतीस. पण मग तू शिकवणी लावून तेलुगू शिकलीस, पेपर वाचायला लागलीस, माझ्या पुढे गेलीस. मराठीत आपण दोरीही कापतो आणि कोंबडीही कापतो, नुसतं ‘काप’ म्हटलं तर समोर काय आहे ते बघून माणूस समजतो. तेलुगूत माझ्या तोंडून कापायचा तो एकच शब्द निघाला, आणि तो तिथे मटणाच्या दुकानात रोज ऐकू येतो. दोरीला ‘ताडु’ म्हणतात हे मला आता झोपेतही आठवतं, तेव्हा आठवलं नाही. सत्यवतीला मात्र बरोबर कळलं. तिने दोरी कापली, गोऱ्हा उठला, आम्हा दोघींना धडका दिल्या आणि जाता जाता अंबाडीचा एक वाफा तुडवून गेला.

ध चा मा करायला तुमच्या पुण्यात एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. इथे अक्षर तेच ठेवलं, फक्त शेवट कापला. व्हिडिओ सगळ्यांच्या फोनमध्ये फिरला. त्यात मी गुडघा टेकून बसले आहे, सत्यवतीच्या हातात विळा आहे, मी ‘कोसेय्’ म्हणून ओरडते आहे, आणि व्हिडिओ संपतो. ठाण्यातून एक हवालदार आला. बरा माणूस होता. मी त्याला तो गोऱ्हा दाखवला, गळ्याभोवती दोरीचा वळ अजून होता. तो हसला, चहा प्यायला आणि निघून गेला. पण हर्षद म्हणाले, तो गोऱ्हा दुसरा, सगळे पांढरे गोऱ्हे सारखेच दिसतात. म्हणजे जिवंत जनावर समोर रवंथ करतंय आणि मी त्याच्या खुनाचा जाब देतेय! काल त्याच खून झालेल्या गोऱ्ह्याने माझी कोथिंबीर खाल्ली.

मागच्या बैठकीत मला बोलावलं तेव्हा हर्षदनी आधी नाव विचारलं. इतकी वर्षं गीतामॅडम, गीतामॅडम करणाऱ्या माणसाने नाव विचारलं. मी म्हटलं गीता सोनकांबळे. म्हणाले, ‘सोन…?’ मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी शेजारच्याला ऐकू जाईल असं माझ्याकडून वदवून घेतलं आणि मान हलवली. मग एक बाई म्हणाल्या, इनके में तो खाते हैं ना. कुणीही त्यांना गप्प केलं नाही. मला रडू आलं नाही, राग आला, अजून येतो. मी काय खाते हे माझ्या वाटेशी कसं जोडलेलं आहे? तुमची लेक गौरी माझ्या ताटात जेवून मोठी झाली. तुझी रात्रपाळी असायची तेव्हा ती माझ्या कुशीत झोपायची आणि उठल्यावर आधी ‘गीतामावशी, भाकर’ म्हणायची. तेव्हा विचारलं नव्हतंस, इनके में काय खातात.

तू तिथेच होतीस. पहिल्या रांगेत, भावोजींच्या शेजारी. हर्षदनी सगळ्यांना विचारलं, ‘कोसेय् का मतलब काटोच होता ना?’ मी तुझ्याकडे बघितलं. त्या अख्ख्या मांडवात मराठी मनातून तेलुगू कसं बाहेर पडतं हे सांगू शकणारी तू एकटी होतीस. तू ओढणी नीट केलीस. मग पिशवीत काहीतरी शोधायला लागलीस. भावोजी यंदा कमिटीचे चिटणीस होणार आहेत असं ऐकलं. अभिनंदन.

सत्यवती बोलायला तयार होती. ‘अम्मा, नेनु चेप्ता,’ मी सांगते म्हणाली. पण तिचा नवरा त्याच गेटवर वॉचमन आहे, तिने तोंड उघडलं तर त्याची नोकरी जाणार. म्हणून मीच तिला दटावून गप्प बसवलं. जिचं घर मोडेल ती बोलायला तयार, आणि जिचं फार तर चहाचं एखादं आमंत्रण चुकेल ती पिशवीत किल्ल्या शोधते. लोकांच्या भीतीला मी नावं ठेवत नाही गं, भीती मलाही आहे. पण तुझी भीती मला महाग पडते आहे आणि तू ती जपून ठेवली आहेस.

तू म्हणशील, एवढं सगळं मला का सुनावतेस, मी काय केलं? परवा नागसेनने तो व्हिडिओ मला इअरफोन लावून ऐकवला. आजवर मी तो फक्त बघत होते, ऐकत नव्हते, माझाच आवाज मला सोसवत नव्हता. माझ्या ओरडण्याच्या मागे, फोन धरलेल्या माणसाचा हलका आवाज आहे. मराठीत आहे. ‘जपून गं गीते, लागेल तुला.’ मला गीते म्हणणारं या जगात आता एकच माणूस उरलंय. म्हणजे तू भिंतीपलीकडून काढत होतीस, माझ्या काळजीने काढत होतीस, आणि कौतुकाने ग्रुपवर टाकलास, एवढं मी तुला ओळखते. शेपूट दुसऱ्या कुणी छाटलं असेल, ग्रुपवरचा अख्खा पुसूनही टाकला असेल. पण अख्खा व्हिडिओ तुझ्या फोनमध्ये आहे, रंजना. त्यात गोऱ्हा उठतोय, मला धडक देतोय, आणि बहुतेक तू हसते आहेस. रविवारी तो घेऊन ये आणि सगळ्यांसमोर लाव. नाही आलीस, तर माझ्याकडचा अर्धा मी लावणार आहे, आवाज मोठा करून, आणि विचारणार आहे की ‘जपून गं’ कोण म्हणालं. ते मी विचारायच्या आधी तू सांगावंस, म्हणून हे पत्र.

अजून तरी तुझीच,
गीता