मनोऱ्यातल्या राजकन्येची दुरुस्ती

चिकपेट, बंगळूर
६ जुलै १९९६

ती. सौ. पद्माअक्कास,
उमाकांतचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या जादू-तलवारींच्या कॉम्प्युटर गेममधल्या आतल्या गमती भावजींना हव्यात ना? मग सांग त्यांना, राक्षस गुरगुरतो तो आवाज आईच्या इडलीच्या ग्राइंडरचा आहे. जादूनगरीच्या गल्ल्या म्हणजे आपलं चिकपेटच. आणि तलवारी विकणारा, भाव तसूभर न उतरवणारा म्हातारा? आपले अण्णा, मिशांसकट! त्यांना अजून पत्ता नाही. मी कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी आईमार्फतच बोलतात.

शेवटची गंमत मात्र मलाच भोवली. पश्चिमेच्या मनोऱ्यात मी गुपचूप एक राजकन्या बसवली. चेहरा रूपश्रीचा. होय, तीच, जी आमचा गेम खेळून चुका शोधते. विहिरीला उलटी प्रदक्षिणा घातल्याशिवाय मनोरा उघडत नाही. म्हटलं, ती पोचेल तेव्हा न सांगता तिला सगळं कळेल. पोचली. आणि सगळ्यांदेखत म्हणाली की ही बाई खिडकीत नुसती बसते, हिला ना काम ना बोलणं, ही चूक आहे, दुरुस्त कर. ऑफिसातली पोरं फिदीफिदी हसली. मी कीबोर्ड आपटला आणि तडक घरी आलो. या महिन्याचा पगार हातात पडला की राजीनामा देणार. तिचं तोंड पाहायचं नाही, आणि पाहिल्याशिवाय जेवणही जात नाही.

अक्षर रागानं बिघडलंय, सांभाळून घे. माया पातळ करू नकोस.

तुझा,
उमाकांत

हुबळी
१० जुलै १९९६

चि. उमाकांत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

राजीनामा लिहिला असशील तर आधी फाड. कॉलेजही असंच सोडलंस. सरांनी वहीतल्या चित्रांवरून टोमणा मारला आणि स्वारी उठून घरी! तेव्हा मी तुझी बाजू घेतली, आता घेणार नाही.

अरे जमदग्नी, ती काढून टाक म्हणाली का? दुरुस्त कर म्हणाली. तुझे भावजी मला बघायला आले तेव्हा मीही अशीच खिडकीशी मान खाली घालून बसले होते. पाठ भरून आली, पण कुणी काही विचारेना. तू राजकन्येला रूपश्रीचा चेहरा दिलास, जीभ द्यायची विसरलास. आणि अण्णांना त्यांच्या मिशा दाखव एकदा.

सरी, पुरे आता, तव्यावरची पोळी करपतेय. उत्तर सवडीनं लिही, रागात लिहू नकोस.

तुझी,
अक्का

चिकपेट, बंगळूर
२ ऑगस्ट १९९६

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

राजीनामा फाडला. मालकांची बोलणी मुकाट ऐकली. अण्णा ऑफिसात येऊन गेले. गेममधल्या स्वतःशीच घासाघीस करून हरले! मिशा स्वल्प बारीक झाल्यात, एवढंच म्हणाले. पण मला म्हणाले, आईला नाही.

राजकन्येला आता पाय आहेत, मनोऱ्याची किल्ली तिच्याच कमरेला आहे, आणि जीभ अशी की राक्षस गुरगुरायचा थांबतो. काल रूपश्री खेळायला बसली. मी मागे उभा. राजकन्या जिना उतरली, दार उघडून जंगलाकडे निघाली. रूपश्री मान न वळवता म्हणाली की अजून एक चूक आहे, एवढ्या जंगलात ही एकटीच हिंडते, सोबतीला कुणी तरी दे. कसा हवा, मी विचारलं. चित्रं काढणारा चालेल, म्हणाली, फक्त कीबोर्ड आपटणारा नको.

अक्का, सकाळपासून त्याचाच चेहरा काढतोय. नाक काही केल्या माझ्यासारखं येत नाही. एवढी गंमत भावजींना सांगू नकोस, खेळताना त्यांची त्यांना सापडू दे.

तुझ्या आशीर्वादातला थोडा वाटा यापुढे तिच्यासाठीही ठेव.

तुझा,
उमाकांत