जावईबापूंनी कोळंबी खाल्ली

अहो,

आज जावईबापूंनी कोळंबी खाल्ली! तुम्ही गेल्यावर हळूहळू खाणंच सोडलं होतं तुमच्या या माशाने. ही बातमी सांगायची कोणाला? माझ्या दादाला मासा खायचा कळतो, पाळायचा नाही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

आपल्याला मूलबाळ नाही आणि या ताटाएवढ्या, निळ्या रेघांच्या एंजल माशाचे लाड मात्र जावयासारखे! म्हणून मीच चिडून ते नाव ठेवलं. पनवेलात वीज आली तेव्हा लोकांनी पंखे आणले. तुम्ही आणलीत ही काचेची पेटी आणि तिच्यात हवा फुंकणारं यंत्र. पुन्हा पेटीत याला दुसरा कोणी चालत नाही. सोबतीला एक आणलात, तर चार दिवसांत फाडून ठेवला.

तुम्ही गेलात, तेरावं झालं, ऊन वाढलं, पेटीतलं पाणी रोज बोटभर उतरू लागलं. तुम्ही उरणहून बुधले भरून आणायचात, तशी मीही बसने जाऊन समुद्राचं पाणी आणलं आणि उतरलं की ओतत राहिले. किती इमानाने ओतलं हो!

मासा काळवंडला, कोपऱ्यात तोंड घालून बसला. हिरा कोळीण म्हणाली, "मास्तरांसाठी झुरतंय गो वैनी. आता तो काय खायाचा नाय."

खरं सांगू? मला बरं वाटलं. घरात आणखी कोणी तुमच्यासाठी उपाशी आहे, असं वाटलं. मीही ताट सारून त्याच्यासमोर बसायचे. दादा त्याच्या घरी, गव्हाणला चल म्हणून मागे लागला, तेव्हा म्हटलं, मासा गेला की येते.

आणि परवा काच पुसताना कडेला पांढरं खरखरीत लागलं. मीठ! बोट बुडवून जिभेला लावलं. मिठागरात आमचे बाबा लावायचे तसं. अहो, समुद्राहूनही खारट पाणी! उन्हाने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, हे मी चालायला लागले तेव्हापासून बघतेय. आगरातली पोर मी, आणि मीच घरात मिठागर घातलं!

उरणचं पाणी फक्त जुनं बदलायला, आणि रोज सकाळी तुम्ही तांब्याने ओतायचात ते विहिरीचं गोडं पाणी होतं, होय ना? इतक्या वर्षांत एकदा सांगितलं असतंत! मीही कुठे विचारलं म्हणा. लांबूनच कुरकुर करत राहिले.

खारं काढून थोडं थोडं गोडं घालत गेले. आज दुपारी हा पुढे आला आणि माझ्या बोटांतून कोळंबी ओढून घेतली. "मेल्या, खाल्लंस!" म्हणून ओरडले आणि मग किती वेळ रडत बसले.

तो झुरत नव्हता हो. पाण्याने त्याचा जीव कासावीस झाला होता, एवढंच. या घरात तुमच्यासाठी झुरणारी मी एकटीच होते.

दादाला कळवते, एवढ्यात येत नाही. हे मासे वीस-वीस वर्षं जगतात म्हणायचात ना? मग मलाही उभं राहायला हवं. शब्द देते, आजपासून दोन वेळा जेवेन. आत्ता भात टाकला आहे.

तुमचीच,
यमुना